नाक

आमच्या गावाचं नाव होंडा.
बाहेरचे हसतात, विचारतात,
इथे मारुती चालते का?
चालते. बहुतेक माझ्याच हातून.

सव्वीस वर्षं मी नाकाने गॅरेज चालवलं.
बॉनेट उघडायच्या आधी कळायचं.
टाकीचं झाकण ढिलं असलं तर वास वरचेवर, उडता.
पाइप चिरला असला तर खालून, ओलसर, जिभेवर गोड.
आणि उंदराने रबर कुरतडलं असेल
तर त्यात थोडा उंदीरही.
वाळपईहून लोक यायचे, म्हणायचे,
म्हाळू, नुसतं हुंगून सांग.

मग तो ताप आला. गेला,
जाताना वास घेऊन गेला.
परसात फणस फुटला, ते मला माश्यांवरून कळलं.
कुणाला सांगितलं नाही.
डाग बघायचो, आवाज ऐकायचो,
गिऱ्हाइकाचा चेहरा वाचायचो.
जमून जायचं.

शनिवारी रोहिदास पर्येकर आला.
बायको, म्हातारी आई, पाच वर्षांची पोर,
डिकीत नारळांची गोण,
बेळगावला लग्नाला निघालेले.
"जरा पेट्रोलचा वास मारतोय."
मी वाकलो, हुंगलो,
म्हणजे नाकपुड्या हलवल्या पूर्वीसारख्या,
डोळेही मिटले.
बंद घराची बेल वाजवावी तसं.
म्हटलं, "टाकी गळ्यापर्यंत भरलीस, म्हणून.
काचा उघड्या ठेव, जाईल."
त्याने खिशात हात घातला.
नुसत्या सल्ल्याचे पैसे मी घेत नाही.

शेवंती चहा घेऊन आली, दारातच थांबली.
"इथे पेट्रोल कोणी ओतलं?"
"कुठे?"
तिने माझ्याकडे पाहिलं.
बराच वेळ पाहिलं.
मग बशीनेच दाखवलं:
सिमेंटवर तळहाताएवढा काळा डाग,
कडेकडेने सुकत चाललेला.
मी त्याच्यावरच उभा होतो.

फोन लागेना.
घाट चढायला लागला की फोन संपतो.
स्कूटर काढली. साखळी, पर्ये,
डोक्यात एकच हिशेब:
तापलेलं इंजिन, थेंब,
आणि रोहिदास सिगरेट ओढतो का?
बाप ओढायचा, ते आठवतं.
मुलाचं काही केल्या आठवेना.

केरीत, चोर्ला घाटाच्या पायथ्याशी, गाडी दिसली.
चारही दारं उघडी, इंजिन बंद.
पोर काजूच्या झाडाखाली बसलेली,
उलटी करून, गाल फुगवून.
"बसतच नाही," रोहिदास वैतागून म्हणाला,
"घाण येते म्हणते. म्हटलं, म्हाळूने बघितलंय."
त्याच्या हातात किल्ली.
आता उचलून आत टाकणार होता तिला.
"किल्ली लावू नकोस!"
एवढ्या जोरात ओरडलो की
दगडावर टेकलेली म्हातारी उठून उभी राहिली.

सगळ्यांना लांब नेलं.
बॅटरीची वायर सोडली, गाडी गार होऊ दिली,
मग खाली झोपलो.
टाकीकडून येणारा पाइप, क्लिपच्या तोंडाशी चिरलेला,
केसाएवढी रेघ.
बोट लावलं तर गार लागलं.
तेवढंच कळलं मला, गार.
तीस रुपयांची क्लिप, हातभर नळी.
आणि आत पाच माणसं बसणार होती,
गोण धरून सहा.

पोरीला म्हटलं, "बाय, तुझं नाक बरोबर होतं."
ती म्हणाली, "आणि तुझं?"

मग सांगितलं.
रस्त्यावर, सगळ्यांसमोर.
रोहिदास काही बोलला नाही.
त्याची आई म्हणाली, "आधी सांगायचंस."

आता दारावर खडूने लिहिलंय:
पेट्रोलचा वास येत असल्यास
गाडी चालू करू नये. माणूस पाठवावा.
मी पाना, पक्कड घेऊन जातो,
शेवंती मागच्या सीटवर.
तिथे पोचली की पदर खोचते, वाकते,
कपाळाला आठी घालून सांगते, "डावीकडे, मागून."
मजुरीतले निम्मे तिचे.
कधी कधी बराच वेळ हुंगते,
मी श्वास धरून उभा,
आणि म्हणते,
"काही नाही.
हा तुझाच शर्ट."