हिरवी वायर

इस्माईल परकारने फ्रिजमागच्या बोर्डाचे स्क्रू काढले
आणि झाकण हातात धरून बराच वेळ आत बघत राहिला.
"काका, ह्याला अर्थच नाय."
मी हसलो. तो हसला नाही.

तीन भोकांचा सॉकेट, वरचं भोक ऐटीत मोठं.
त्याच्यामागून हिरवी वायर निघाली होती,
लाकडी पट्टीच्या कडेकडेने, मोरीच्या भिंतीतून आरपार.
तो तिच्यावर बोट ठेवून चालत गेला.
नळाच्या पाइपाभोवती पाच वेढे सापडले,
वरून तेलरंगाचा हात.

वेढे कुणाचे, ते मी लगेच सांगितलं नाही.

अठ्ठ्याऐंशीचा मे. फ्रिज नवा.
हँडलला हात लावला की कोपरापर्यंत मुंग्या.
गोदीत बरोबर काम करणारा एकजण म्हणाला,
पाइपाला बांध, पाइप जमिनीतच जातो.
बांधली. मुंग्या थांबल्या.
त्या दिवसापासून घरात पक्कड माझ्या ताब्यात.

"जात होता जमिनीत," इस्माईल म्हणाला.
"जिन्याखाली तो पांढरा प्लॅस्टिकचा तुकडा कधी टाकला?"
गंजलेला भाग कापून प्लंबरने टाकला होता,
सात वर्षं झाली असतील, आठ.
"मग तुमची जमीन तिथे संपली.
तेव्हापासून फ्रिजचा लीकेज
नळानळात बसून राहिलाय."

खालच्या मजल्यावर फिलोमिना डिमेलो.
सात वर्षं, आठ, ती सांगत होती, नळ चावतो.
बायको म्हणायची, वय.
डॉक्टर म्हणाला, शिरा, आणि बी-बाराच्या गोळ्या दिल्या.
मी एकदा जिन्यात म्हणालो होतो,
"पाणी येतंय ना बाई? मग चावू द्या की."

माझगावात जमीन शोधणं सोपं नाही.
अंगणात पेव्हर ब्लॉक, ब्लॉकवर स्कूटर,
स्कूटर कुणाची ते कुणालाच माहीत नाही,
आणि मालकाच्या मेहत्याला हवा लेखी अर्ज.
शेवटी खणलं. विटांचा चुरा, बाटलीची काच, शिंपल्या,
त्याखाली काळी ओल, खाऱ्या वासाची.
कोळसा इस्त्रीवाल्याने दिला, पैसे न घेता.
खडेमीठ मीच उचलून आणलं, दहा किलो,
वाण्याने विचारलं, लोणचं घालताय?

"काहीजण न्यूट्रललाच जोडून देतात,"
क्लॅम्प आवळताना इस्माईल म्हणाला,
"अर्ध्या तासाचं काम. टेस्टरलाही कळत नाय.
मग एक दिवस न्यूट्रल तुटतो
आणि फ्रिजचा सगळा पत्रा फेज होतो.
आपण नाय देत तसं."
तेव्हा मी त्याला वेढ्यांचं सांगितलं.
त्याने फक्त पाना मागितला.

तार वर आली दोन मजले, सरळ, कुठे गाठ नाही.
मीटरपाशी नवा खटका बसला.
त्याने होल्डरमधला बल्ब घेतला,
एक टोक फेजला, दुसरं हिरव्या वायरला.
बल्ब लागायच्या आत टक् झालं
आणि पंखा, ट्यूब, फ्रिज, देवापुढची लाल दिवली,
सगळं गेलं.
अंधारात तो पहिल्यांदा खूश वाटला.
"असंच पाहिजे, काका."

दर उन्हाळ्यात खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतायचं,
ते त्याने माझ्याकडे लावून दिलंय.
मी कॅलेंडरवर लिहून ठेवलंय, गॅसच्या तारखेखाली.

खाली गेलो. फिलोमिनाबाईंना सगळं सांगितलं,
पाच वेढ्यांसकट.
त्या ऐकत होत्या, कोबी अर्धा चिरलेला.
मग उठल्या, आणि नळ सोडायच्या आधी
हाताची उलटी बाजू त्याला हळूच लावून पाहिली,
ताप बघतात तशी.

"आता नाही चावणार," मी म्हणालो.

"बघू," त्या म्हणाल्या.