वेतनत्रुटी

डिसेंबरात सिव्हिल लाइन्सला रंग देतात,
आमच्या इमारतीला फक्त पुढून.
मागच्या खोलीत मी, दोन गोदरेजची कपाटं
आणि एक तक्ता, जो अधिवेशनाआधी
समितीच्या टेबलावर पोचायला हवा:
पद. मूळ वेतन. शेजारच्या राज्यात किती. तफावत. शेरा.

महामार्ग पोलीस, हवालदार.
मध्य प्रदेशचं पत्र आलं, तेलंगणाचं नाही.
फोन लावते तर तिकडे कुणीतरी सांगतं,
मॅडम जेवायला गेल्या.

साडेतीनला सोनकुसरे आला,
देवलापारहून, एसटीनं,
सेवापुस्तक पडताळून घ्यायला.
रेडियमचं जाकीट अंगावरच राहिलेलं.
त्याची एक वेतनवाढ आम्हीच
सहा महिने आधी देऊन बसलो होतो.
वसुली, नऊ हजार चारशे बारा.
सही करा, म्हटलं. केली त्यानं.
भांडला असता तर बरं वाटलं असतं.

रकाना समोरच होता, म्हणून विचारलं,
खवाशापलीकडे काय देतात हो तुमच्यासारख्याला?

काय मालूम मॅडम, तो म्हणाला.
परवा पहाटे संत्र्याचा ट्रक पलटला ना,
धुकं असं का आपलाच हात दिसे नाही.
केबिन आपल्या हद्दीत, क्लीनर उडून त्यांच्या.
तिकडून एक जण पळत आला,
बॅटरी त्यानं धरली, पत्रा मी वाकवला.
घंट्याभरानं रक्त थांबलं पोट्ट्याचं.
पगाराची गोष्टच नाही निघाली.

मग जरा थांबून:
संत्री मात्र लोकांनी दोन्हीकडून नेली.

उठता उठता विचारलं, धुलाई भत्ता तोच आहे काय अजून?
तोच.
हसला. म्हणाला, शर्ट दोन दिवसांपासून मिठाच्या पाण्यात आहे.

तफावत काढताना
मोठ्यातून लहान वजा केलं, दोनदा पाहिलं.
शेऱ्याचा रकाना पाऊण इंच.
त्यात बॅटरी बसेना, धुकं बसेना,
'निरंक' मात्र नीट बसलं.
ते खोडलं. कागद फाटला तिथे थोडा.

जिन्यातला दिवा गेलेला.
वर येणाऱ्या कुणाच्या तरी मोबाईलच्या उजेडात
त्याची पाठ एकदा चमकली, वळणावर.

पाच वाजता तेलंगणाचा फोन आला.
आकडा पेन्सिलीनं लिहून घेतला.