सावद्याच्या मैदानावर नऊ बायका

फॉल-पिकोच्या दुकानात एकोणीस वर्षं बसले आहे मी.
मशीनला मोटर बसवली
आणि पायांचं उरलंसुरलं कामही गेलं.
कोसभर काठ शिवून झाला असेल एव्हाना,
साड्या कुठं कुठं गेल्या, सुरतेला, नाशकाला,
मी त्याच स्टुलावर.

आधी पाठ बोलायला लागली.
मग रात्र.
अडीचला डोळे उघडायचे, टक्क,
केळीचे ट्रक गिअर बदलत रस्त्यानं जायचे
आणि मी हिशेब मांडायची,
कुणाचं किती राहिलं, कोण काय बोललं होतं
नणंदेच्या लग्नात, म्हणजे बघा किती सालापूर्वी.
गच्चीवर वाळत टाकलेल्या बिबड्यासारखं मन,
बोट लावलं की तुकडा.

डॉक्टर फालकांनी साखरेचा आकडा सांगितला,
दोन गोळ्या लिहिल्या,
खाली तिसऱ्या ओळीत लिहिलं: रोज घाम.
मी म्हटलं, घाम? इथं?
चव्वेचाळीस डिग्रीत बसल्या जागी गळतो की!
ते म्हणाले, तो उन्हाचा.
तुमचा कुठं आहे?

इंदू झोपे शाळेत पीटी शिकवते.
तिनं पहाटे साडेपाचला मैदानावर फक्कीनं आठ चौकोन आखले
आणि आम्हाला बसवलं त्यांत,
एकीचं तोंड सातपुड्याकडे, एकीचं बसस्टँडकडे.
पायात लेकाचे जुने बूट,
कुणाच्या साडीचा काचा, कुणाच्या पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला करकचून.
पळायला नववीतल्या तीन पोरी.
आजवर एकही हाती लागलेली नाही.

पहिल्या दिवशी खांबापर्यंत गेले
आणि खांबालाच मिठी मारून उभी राहिले.
काळीज कानात.
कुंपणापाशी दूधवाला सायकल टेकवून हसला.
आता तो गुण मोजतो,
आणि चुकतोही, मुद्दाम, आमच्या बाजूनं.

खो मिळेपर्यंत उठायचं नाही
हे मला चांगलं जमतं, सवय आहे.
पण त्या बसण्यात मांड्या ताठ असतात,
टाच उचललेली असते,
डोळे पोरीच्या पायांवर.
बसणं असंही असतं,
हे मला सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं.

श्रावणात सूर मारला. म्हणजे पडलेच.
गुडघा सोलवटला.
घरी सगळे हळदीचा डबा घेऊन धावले,
आणि मी खपलीकडे बघत बसले आठवडाभर,
बारा वर्षांची असताना होती, तशीच,
तांबूस, कडेनं सुटत आलेली, माझी.

साखर खाली आली, पूर्ण नाही.
पाठ अजून बोलते, पण दुपारनंतर.
ट्रकांचं मात्र काही सांगता येत नाही.
अडीचला जात असतील.

कार्तिकात कलावती नेहेते चार दिवस आली नाही.
पाचवा चौकोन रिकामा,
खो देता देता हात हवेतच राहायचा.
कुणी म्हणालं, तिला होतं असं मधेमधे,
बोलत नाही, जेवत नाही, भिंतीकडे बघते.
खेळ मोडून आम्ही आठजणी तशाच गेलो,
धुळीनं माखलेल्या, चपला-बुटांची रांग तिच्या ओट्याखाली.

ती आमच्याकडे पाठ करून उडीद निवडत होती.
बराच वेळ एकच खडा या बोटातून त्या बोटात.
"काय झालं वं?" कुणीतरी विचारलं.
सूप हललंसुद्धा नाही.

मग इंदू पायरी चढली,
तळहात ठेवला तिच्या दोन खांद्यांच्या मधोमध,
थोडा दाबून, नियमाप्रमाणे,
आणि हळू म्हणाली, खो.

आत कुकरची शिट्टी झाली. एक. दोन.
कलावतीनं सूप खाली ठेवलं.
मागं न बघता विचारलं,
"दिशा कोणती?"