दुसरा पाय

एमवायच्या तिसऱ्या मजल्यावर
रविवारी येतात सुलोचनाबाई शांतवन.
पिशवीत नेलकटर, तसराळं, खोबरेलाची बाटली.
ज्याला भेटायला कुणी येत नाही
त्याची नखं कापतात.

धारकडचा म्हातारा,
टाचेच्या भेगांत सडकेचं डांबर,
पाय आखडून घेतो :
"धरू नका बाई, पाप लागेल मला."
त्या अंगठा सोडत नाहीत.
पाणी सोसतंय ना, एवढंच विचारतात.

तिकडे छावणीत
उपासना सुरू झाली असेल एव्हाना.

शेजारच्या खाटेवर माझे वडील.
मी विचारलं, हे तुमच्या शास्त्रात लिहिलंय?

ओल्या मनगटानं चष्मा वर सारत म्हणाल्या,
"लिहिलंय की.
पण अक्षर फार बारीक, आता दिसत नाही."
मग म्हाताऱ्याकडे वळून,
"आण, दुसरा पाय दे."