बाकी

वर्सोव्याच्या बंदरावर रेवताबाय टपके
बांगडे मोजत नाही.
चार-चार उचलून टोपलीत टाकते, शेवटी एक उरतो.
पुन्हा ओतते. पाच-पाच : दोन.
पुन्हा. सात-सात : तीन.
ढिगाकडे एकदा बघते, दीडशेच्या आसपास,
आणि हात पदराला पुसत सांगते,
"एकशे सत्तावन्न."

एकदाच का नाही मोजत सरळ?
"मध्येच कुणी हाक मारतं, बाय. आकडा निसटतो.
बाकी निसटत नाही. समोर पडलेली असते."

मी घरी येऊन कुट्टकाची रीत लावली.
पाऊण पान लागलं, दोनदा खोडलं.
उत्तर तेच.
वर आणखी एक कळलं : एकशे सत्तावन्न ही मूळ संख्या,
एक आणि आपण सोडून
कुणाच्याच पंगतीला न बसणारी.
सात खलाशी, बावीस-बावीसचे वाटे,
तीन बांगडे फळीवर तसेच.

आधी ती आठ वाटे करायची.

मी मासेमारी खात्यात आकडे लिहिते.
किती होड्या, किती किलो, सरासरी, विचलन.
रकाने सरळ असले की साहेब सही करतात.
त्या श्रावणातल्या मंगळवारी
अठरा होड्या गेल्या, सतरा आल्या.
मी एकूण वजनाला सतराने भागलं.
उत्तर बरोबर होतं.
दोन दशांश स्थळांपर्यंत बरोबर होतं.
सरासरी तर उलट थोडी वाढलीच.

शून्यही एक नोंद असते
हे मी वर्गात शिकले होते, पहिल्या बाकावर बसून.
पण न आलेल्या होडीचं वजन
शून्य लिहायचं की रकाना कोरा ठेवायचा,
ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं.
तिघं बाप्ये दुसऱ्या दिवशी डहाणूकडे सापडले, जिवंत.
चौथा टपके.

"भागतं का गं?" मी एकदा विचारलं,
आणि शब्द तोंडातून गेल्यावर जीभ चावली.
"भागतं की," ती म्हणाली,
"सातात भागतं."

ते फळीवरचे तीन ती विकत नाही.
कुणाला देते, मी विचारलेलं नाही.
सकाळी मांजरं असतात तिथे, आणि एक म्हातारी,
आणि कधी नुसतीच ओली फळी.

आज मी पोचले तेव्हा ती सात-सातवर होती.
मान वर न करता म्हणाली,
"या. बाकी काय?"
मी उभी राहिले.
तिची बोटं चालूच होती.