लिहिणारा हात

झेस्टाफोनीच्या शाळेत सगळ्या खिडक्या डाव्या हाताला.
सगळ्या म्हणजे तिन्ही मजल्यांवर,
आणि पलीकडच्या गावातल्या शाळेतही,
कारण नकाशा एकच होता, दूर कुठेतरी छापलेला.
त्यातलं एक कलम म्हणायचं:
उजेड डावीकडून यावा,
म्हणजे लिहिणाऱ्या हाताची सावली
अक्षरावर पडत नाही.

लिहिणारा हात. एकवचनी.

मी डावखुरी.
माझी सावली माझ्याआधी ओळीवर पोचायची.
लामाराबाई वाईट नव्हत्या, मारलं नाही कधी;
नुसती पेन्सिल काढून दुसऱ्या हातात द्यायच्या,
रोज, दाराची कडी लावावी तितक्या सहज.
त्याही अशाच एका खोलीत
बाई व्हायला शिकल्या होत्या.

आता मी आर्किटेक्ट.
तिब्लिसीच्या कचेरीत नवी नियमावली टेबलावर,
कलम चौदा तेच, फक्त भाषा बदललेली.
खोडलं. समासात लिहिलं: दोन्हीकडून.
समितीतले म्हणाले, दुप्पट काच, दुप्पट थंडी,
हीटरचं बिल कोण भरणार?
शेवटी छापून आलं: ‘शक्य तिथे’.
या दोन शब्दांत किती जणांना डावलता येतं,
ते मला ठाऊक होतं.
सही मीही केली.

मग राचाच्या डोंगरात माझी स्वतःची शाळा.
पहिला मजला उभा राहिला तेव्हा
मालखाज गवंडी म्हणाला,
‘खिडक्या इथेही डावीकडेच का हो?’
नकाशा उलगडला.
सहा वर्ग. सहाही.
कुणी सांगितलं नव्हतं.
हातानं मला न विचारता काढल्या होत्या.

भिंत फोडायची तर तुळई आड येत होती.
मालखाजनं सिगारेट कानामागे खोचली.
‘बाक फिरवा की.’
‘फळा पाठीमागे जाईल.’
‘मग एक फळा त्या भिंतीवर. बाई चालतील थोडं.
पाय आहेत ना त्यांना?’

विटांच्या ढिगावर कागद ठेवून
दुसरा फळा काढला, डाव्या हातानं,
मुद्दाम. माप लिहिलं त्याखाली.
चाराचा आकडा आडवा पडला,
मीटर शब्द ओळ सोडून खाली घसरला.
मालखाजनं कागद उन्हात धरला,
मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा कागदाकडे.
‘हे पोरानं लिहिलंय का?’

‘हो,’ मी म्हटलं. ‘पहिलीत आहे अजून.’