बारा एमएमची प्लेट

शनिवारी शारजात, दहा नंबरच्या इंडस्ट्रियल एरियात,
मी बारा एमएमची प्लेट शोधत हिंडतो.
जमशीद यार्डवाला विचारतो, किती टन?
दोन.
दोन टनाला तो चहासुद्धा मागवत नाही.

वाळू खाऊन बसलेल्या थप्पीतली प्लेट
मी अंगठ्याने पुसतो. हीट नंबर उमटतो,
आणि जमशीदच्या फायलीतलं सर्टिफिकेट
भलत्याच प्लेटचं निघतं.
"लोखंड ते लोखंड," तो म्हणतो.
नाही हो.
माझा पासपोर्ट पहिली नऊ वर्षं कंपनीच्या कपाटात होता.
प्लेटचा तिच्या अंगावरच ठोकलेला असतो,
तेवढा तरी जुळायला हवा.

कशासाठी हवी, ते सांगत नाही.
ताकास तूर लागू देत नाही.
वर्गीसच्या शॉपमध्ये ड्रॉइंग पसरलं तेव्हा
त्याने चष्मा कपाळावर नेला.
डिझेल टँक? नाही.
सेप्टिक? नाही.
मग हे खिडकीसारखं काय?
म्हटलं, खिडकीच आहे.
दोन्ही टोकांच्या घुमटांवरून त्याने बोट फिरवलं, बराच वेळ.
"प्रेशर किती?"
चार बार.
"आतून?"
बाहेरून.

मग मात्र चहा आला.

आतून दाब आला की टाकी आपोआप गोल होते,
फुग्याला कुणी गोल व्हायला शिकवत नाही.
बाहेरचा दाब
जिथे जराशी चपटी जागा सापडेल तिथे बोट ठेवतो,
आणि तिथूनच सगळं मिटतं, पत्र्याच्या डब्यासारखं.
सव्वीस वर्षं मी इतरांच्या टाक्या तपासल्या,
सगळ्या आतल्या दाबाच्या.

रोलिंग मशीनवर उस्ताद बशारत, गुजरांवाल्याचा.
तीन दिवसांत तीन रिंगा वळल्या.
मी लाकडी पट्टी आत धरून मापलं:
आडवं बाराशे तीन, उभं अकराशे ब्याण्णव.
अकराचा फरक, उस्ताद. चार चालतो.
"पानी की टंकी को चलता है."
ही टाकी नाही.
"तो क्या है?"

आता सांगणं भाग होतं.
दाभोळच्या खाडीत माझे काका वाळू काढायचे.
बादली घेऊन बुडायचं, भरायची, वर यायचं,
दिवसाला दीडशे वेळा.
चाळिशीत दोन्ही कान गेले.
एकदा मी ओरडून विचारलं, तळाशी दिसतं काय?
म्हणाले, बघायला वेळ कुणाला होता.

मला तळाशी जाऊन बसायचंय, उस्ताद.
तीस मीटर. इथल्या किनाऱ्याला त्याहून खोल
जायचं म्हटलं तरी लांब जावं लागतं.
अर्धा तास. काही भरायचं नाही,
काही वर आणायचं नाही.

बशारत हसला नाही.
वर्गीसने परवान्याचं विचारलं.
अर्ज कोस्टगार्डच्या खिडकीत आहे, अकरा महिने झाले.
तिथल्या पोराला रकाना सापडत नाहीये.

उस्तादने रिंगा परत मशीनवर चढवल्या,
वेगळे पैसे घेतले नाहीत.
शेवटच्या रिंगेच्या कडेला खडूने उर्दूत काहीतरी लिहिलं.
मला उर्दू येत नाही. माप असेल.

ऑगस्टात साडेबारा ते तीन काम बंद.
मी पोचलो तेव्हा पंखे गरम हवा ढवळत होते,
शॉपमध्ये चिटपाखरू नाही.
मग घोरणं ऐकू आलं, घुमल्यासारखं.
तिन्ही रिंगा जोडून झालेल्या, टोकं अजून उघडी,
आत पुठ्ठे अंथरून, गोलाईला पाठ लावून
रामपरवेश वेल्डर, दोन नेपाळी पोरं,
एक हेल्पर ज्याचं नाव मी कधी विचारलं नाही,
आणि शेवटी उस्ताद, बूट उशाला.

डिझाइनमध्ये मी दोन माणसं धरली होती.

पट्टी घेऊन आलो होतो, मापायला.
बाहेर सावलीत ड्रमवर बसलो.
तीन वाजायला चाळीस मिनिटं होती.